पेवातली हवा

जमादारानं पेवाच्या तोंडावरचा चिखल बोटानं दाबून पाहिला. बोट आत गेलं. लिंपण अजून ओलंच होतं, हे सारजाबाईनंही पाहिलं.

पिशोरच्या वरच्या अंगाला, खानदेशच्या सरहद्दीला लागून त्यांची वाडी. पंधरा वर्षांपूर्वी निजाम सरकारनंच पलीकडच्या, इंग्रजी हद्दीतल्या माणसांना बोलावून रान तोडायला पट्टे दिले होते आणि रानडुकरांसाठी घरटी एक ठासणीची बंदूक. आता त्याच सरकारला वाडीची धास्ती वाटू लागली होती. घाटात नाका बसला, पलीकडून नवं माणूस आणायला बंदी आली आणि गेल्या महिन्यात हुकूम निघाला, की बंदुका ठाण्यात जमा करा. वाडीनं केल्या नाहीत. शेजारच्या वस्तीत कडब्यात एक सापडली. तिथले दोघे औरंगाबादच्या तुरुंगात गेले, ते अजून परतले नव्हते.

सकाळी शिपाई चढावर दिसताच तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, पेवाची फरशी सरकवून बंदूक आत सोडली आणि तोंड पुन्हा लिंपलं. जमिनीतलं ते कोठार दिवाळीत निम्मी ज्वारी काढून बंद केलेलं होतं. पुंजाराम स्वतः आत उतरला नव्हता. फरशी काढल्या काढल्या वाडीतलं कुणीच उतरत नसे.

जमादार मोहियोद्दीननं फरशी काढायला लावली. आंबूस वास वर आला. आत काळोख. मुबारक नावाच्या शिपायानं जोडे काढले आणि काठावर पाय सोडून बसला. मघाशी पाणी मागताना त्यानं तिला मावशी म्हटलं होतं. पुंजाराम तिच्याकडं बघत होता. गप्प राहा, असं ती नजर सांगत होती.

पहिल्याच वर्षी तिचा दीर फकिरा असा उतरला होता. दोन शब्द बोलला, गुडघ्यांवर बसला, मग काहीच नाही. त्याला काढायला गेलेला सालदारही वर आला नाही. हा शिपाई मेला तर बंदूक निदान आज तरी आतच राहील. ती पुढं झाली.

"उतरू नगा, दादा. आधी दिवा सोडा."

"का?" जमादारानं तिच्याकडं रोखून पाहिलं. "आत काय आहे?"

"हवा वाईट हाय. माणूस ऱ्हात नाय."

तिनं रॉकेलची चिमणी पेटवून दोरीनं आत सोडली. हातभर खाली गेल्यावर ज्योत आखडली आणि विझली. जमादारानं स्वतः पेटवून सोडली. पुन्हा तिथंच विझली. मुबारकनं पाय वर घेतले.

कधी उतरता येईल, असं जमादारानं विचारलं. उघडं ठेवलं तर उद्या सकाळी, ती म्हणाली. चार दिवस सांगण्याइतकी हिंमत तिच्यात उरली नव्हती.

जमादार पुंजारामकडं वळला. "सकाळी येतो. आत आहे ते त्याआधी तुम्ही स्वतः ठाण्यात आणलं, तर जमा लिहीन. इथं सापडलं, तर सापडलं लिहावं लागेल. समझे का?"

ते उतरून गेले. पुंजाराम तिला खूप बोलला. ती म्हणाली, "फकिरा भाऊजींचं तोंड दिसलं मला."

पुंजारामनं विहिरीचा गळ आणून तिसऱ्या खेपेला बंदूक वर ओढली. नळीत ज्वारीचे दाणे अडकले होते. तो घाटाकडं बघत राहिला. पलीकडं पळावं, तर तिथं नाका होता. जमादारानं शब्द फिरवला आणि आपल्याला ठाण्यातच ठेवून घेतलं तर, असं तो हळूच म्हणाला. तिलाही तेच वाटत होतं.

"मी येते संगं," ती म्हणाली.

पेव उघडंच ठेवून दोघं पिशोरच्या वाटेला लागले. ठाण्याचं छप्पर दिसू लागलं, तेव्हा तिनं त्याला नळी खाली धरायला सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं.