माझ्या इंजिनातली नावं

मी एक जुनी व्हॅन आहे, मित्रांनो, आणि एका जागी उभं राहणं मला कधीच मानवलं नाही. दूरच्या थंड देशातल्या कारखान्यात मी तयार झाले. एक डॉक्टर पती-पत्नी मला चालवत, देशामागून देश ओलांडत अमरावतीला घेऊन आले. मायदेशी परतताना त्यांनी मला त्यांच्या तरुण ड्रायव्हरच्या हाती सोपवलं. त्याचं नाव सहदेव.

सहदेवरावांचा मळा बडनेऱ्याच्या अलीकडे होता. झेंडू, शेवंती, वांगी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. माल भरायचा आणि अमरावतीच्या बाजारात पोचवायचा, हे आम्हा दोघांचं काम. माझं इंजिन मागच्या बाजूला आहे आणि त्याला पाणी लागत नाही. एक पंखा वारा घालतो, पत्र्यांच्या आडोशानं तो वारा इंजिनाभोवती फिरतो, एवढ्यावर ते थंड राहतं. त्यामुळे बाजारात कुणीतरी रोज माझं पुढचं तोंड चाचपून विचारायचं, "भाऊ, रेडिएटर कुठं गेलं हिचं?" सहदेवराव हसत मागचं झाकण उघडायचे आणि एकेका भागाचं नाव सांगायचे. गर्दी जमायची. मला तेव्हा फार मिरवल्यासारखं वाटायचं.

मग त्यांच्या मुलानं, चंदननं, नवा पिकअप घेतला. मला मळ्यातल्या टिनाच्या शेडमध्ये लावलं. माझ्या पोटात खताची रिकामी पोती आली. बाहेरच्या रस्त्यानं गाड्या जायच्या आणि मी आतल्या आत तडफडायचे. चाकं जमिनीत रुतत चालली होती, पण मन रस्त्यावरच होतं.

अशातच एका सकाळी सहदेवराव फुलं तोडता तोडता वाफ्यात कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. काही महिन्यांनी काठी टेकत ते चालू लागले. शब्द मात्र कुठंतरी सांडले. पाणी हवं असलं की तोंडून "खुर्ची" यायचं. आपण चुकलो हे त्यांना लगेच कळायचं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. मग ते काठी आपटत अंगणात येरझाऱ्या घालायचे. त्यांची पत्नी पार्बताबाई मागं मागं फिरायच्या. "बसा ना थोडं. किती फिरून राहिले!"

वाचा-उपचार करणाऱ्या ललिता मॅडमनी चित्रांचे पत्ते दिले होते. सफरचंद, छत्री, मांजर. सहदेवरावांनी ते उधळून दिले. लहान पोराचे पत्ते घेऊन कोण बसेल?

त्याच सुमारास चिखलदऱ्याहून किशोर नावाचा तरुण मला बघायला आला. त्याला माझ्यात कॉफीचं दुकान थाटायचं होतं. इंजिन काढून टाकायचं, मला ट्रकवर चढवून न्यायचं आणि तिथल्या दरीच्या कठड्याजवळ कायमचं उभं करायचं, असा त्याचा बेत. चंदन जवळपास हो म्हणाला. तेव्हा त्याची धाकटी बहीण मोनाली पुढं झाली.

"दादा, बाबाले इचारलं का?"

"काय इचारू? त्यायले सांगता येते का आता?"

"मंग थांब जरासा."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी मोनालीनं बाबांना खुर्ची घेऊन माझ्यामागं बसवलं आणि झाकण उघडलं. काठीच्या टोकानं तिनं कार्बोरेटर दाखवला. "बाबा, हे काय हाय?"

सहदेवराव कितीतरी वेळ बघत राहिले. ओठ हलले. "कांदा."

त्यांनी मान हलवली, कपाळावर हात मारला, आणि पुन्हा, "कांदा." मोनाली हसली नाही. "सावकाश," म्हणाली. मी मात्र शांत बसू शकत नव्हते. माझ्या प्रत्येक भागाचं नाव याच तोंडून मी ऐकलं होतं. ते आता येईल, आता येईल, असं वाटायचं आणि संध्याकाळ व्हायची. पण माझ्या इंजिनाचे हे पत्ते त्यांनी उधळले नाहीत. रोज ते आपणहून खुर्ची ओढत यायचे.

पुढं मोनालीनं नवी बॅटरी बसवली, ऑइल बदललं, पेट्रोल भरलं. चंदननं कुरकुरत किल्ली फिरवली. मी खोकले, थरथरले आणि सुरू झाले! काय सांगू, अंगातला गंज झडल्यासारखं झालं.

पण कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी उन्हाळ्यांनी तडकली होती. पेट्रोल तापत्या इंजिनावर ठिबकू लागलं. मला ओरडता येत नव्हतं. सहदेवरावांनी ते पाहिलं. ते धडपडत उठले. "कांदा! कांदा!" काठी हवेत फिरू लागली.

"अवो, उठू नका, पडसान!" पार्बताबाईंनी त्यांना धरलं. पुढं बसलेल्या चंदनला इंजिनाच्या आवाजात काहीच कळेना. सहदेवरावांच्या मानेच्या शिरा ताणल्या.

"पेट्रोल! बंद... बंद कर!"

मोनालीनं धावत जाऊन किल्ली काढली. चंदन खाली उतरला, ओली नळी पाहिली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

त्यानंतर सगळे शब्द एकदम परत आले असं नाही. पंखा आला, पट्टा आला, एके दिवशी दोन्हींची अदलाबदल झाली. टोपीसारखं झाकण असलेल्या डिस्ट्रिब्युटरला तर ते "टोपीवाला"च म्हणत राहिले, आणि घरात तेच नाव चालू झालं.

किशोर पुन्हा आला. "काका, गाडी पायजे, इंजिन नाई. त्या जागी मले काउंटर बसवाचा हाय."

"बाबाचं म्हणणं असं की," चंदननं सुरुवात केली. मोनालीनं त्याला हातानं थांबवलं.

सहदेवरावांनी माझ्या मागच्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाले, "चालवत नेशील... तर ने. उचलून... नाई."

किशोर गोंधळला. "पण मले हिच्यातलं काई समजत नाई, काका."

"शिकवतो."

आणि त्यांनी शिकवलं. अडखळत, चिडत, एकेका नावाला घाम गाळत. किशोरनंही शब्द पुरवायची घाई केली नाही. मग आम्ही निघालो. किशोर गाडी चालवत होता, सहदेवराव शेजारी. परतवाड्यानंतर घाट लागला तेव्हा माझा आनंद मावेना. अर्ध्या चढावर त्यांनी हात वर करून थांबवलं, झाकण उघडायला लावलं, मला वारा खाऊ दिला, आणि मगच पुढं नेलं. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं घरी गेले. मला वाईट वाटलं, पण मळ्यात परत जावंसं वाटलं नाही, हेही खरं.

आता माझ्या बाजूच्या दारातून कॉफी विकली जाते. इंजिन जागेवर आहे. मित्रांनो, बंद पडलेल्या यंत्राचं पोट लगेच रिकामं करू नका. आधी झाकण उघडून बघा, आत काय काय आहे त्याची नावं विचारा. आणि घरात कुणाचे शब्द हरवले असतील, तर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. शेजारी बसा. शब्दाला वेळ लागतो. एखादा येतही नाही, पण माणूस तिथंच असतो.

चला, किशोर किल्ली घेऊन येतोय. दूध आणायला खाली जायचं आहे.