कापडाखालचं ऊन

माझं आणि नणंदेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी मला देवमाणूस समजायला नको. ती शाळेत मुलांना कवायत शिकवते आणि घरी मला.

मी शिवणकाम करते. दुकान मेडिकल कॉलेजसमोर, त्यामुळे निम्मं आयुष्य पांढरे कोट आखूड करण्यात गेलं. एका मुलीनं परीक्षा संपल्यावर आपलं जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर टाकलं. म्हणाली, "काकू, कापडावर वजन ठेवायला घ्या." वजन ठेवता ठेवता मी ते उघडलं, शेजारी डिक्शनरी घेतली. पहिलं पान कळायला आठवडा लागला, सबंध पुस्तकाला चार वर्षं.

शिकणाऱ्याला आधी सगळे रोग स्वतःलाच होतात. मलाही झाले. मग आमच्या ह्यांची पाळी. लघवी लाल झाली म्हणाले, तर मी धावतपळत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काल बीट खाल्लं होतं का?" खाल्लं होतं, चांगलं वाटीभर. तेव्हापासून घरात मी 'बीटवाल्या डॉक्टरीणबाई'. नाव अर्थातच नणंदेनं ठेवलेलं.

यंदा तीच वाळत चालली. उठली की चक्कर, अन्न नको, शाळेतून आली की आडवी. दोन डॉक्टर झाले. एक म्हणाला अशक्तपणा, दुसरा म्हणाला फार मनाला लावून घेता. रंग काळवंडला, तर म्हणे मैदानावरचं ऊन.

मग ड्रेस ढगळ होतो म्हणून ती दुकानात आली. माझ्या वहीत दहा महिन्यांपूर्वीची कंबर चौतीस. आता टेप अठ्ठावीसवर आली. पाठीची चेन उघडली आणि माझा हात थांबला. जिथे ऊन जन्मात पोहोचत नाही, ते अंगही चेहऱ्याइतकंच काळं. ड्रेस उतरवला, तर पोटावरचा ऑपरेशनचा व्रण शाई सांडल्यासारखा. माणसाच्या अंगावर ऊन कुठवर जातं, हे मी रोज बघते; गळ्यापाशी, बाहीपाशी ते रेघ मारल्यासारखं थांबतं. हिच्या अंगावर रेघच नव्हती.

"मीठ जास्त खातेस का गं?"

"तुला कुणी सांगितलं? हल्ली डबीतलं नुसतंच खाते."

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी बंद पडल्या की हे असंच होतं, आणि मग साधा तापही माणसाला घेऊन जातो. ते पान मी दोनदा वाचलं होतं.

घरी सांगितलं, तर हे हसू दाबत म्हणाले, "बीट तर नाही ना?"

"हसायचं तर हसा," मी म्हटलं. "मी चुकले तर पुस्तक रद्दीत घाला. पण बरोबर असून गप्प बसले, तर तुमची बहीण जाईल."

हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून नणंदेला कॉलेजच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. नको नको म्हणत होती, पण भांडायलाही तिच्यात जीव नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी रोगाचं नाव घेतलंच नाही. आपण नाव घेतलं की डॉक्टरांचे कान बंद होतात. मी एवढंच म्हणाले, "साहेब, हिचं ब्लडप्रेशर आधी झोपवून बघा, मग उभं करून. आणि कपड्याखालचा रंग बघा. ऊन कापडातून जात नाही, एवढं मला कळतं."

उभं केल्याबरोबर आकडा धाडकन खाली आला आणि नणंद माझ्या अंगावर कोसळली. डॉक्टर खुर्चीतून उठले. रक्त काढलं, रिपोर्टची वाट न बघता सलाइन आणि इंजेक्शन सुरू केलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. त्या ग्रंथींचं काम जवळजवळ थांबलेलं होतं. आता रोज गोळ्या घ्यायच्या, जन्मभर. पण जन्म होता.

पाचव्या दिवशी डॉक्टर आठ विद्यार्थी घेऊन वॉर्डात आले. मी बाजूला सरकले, तर त्यांनी मला पुढे बोलावलं.

"निदान यांचं आहे," ते मुलांना म्हणाले. "कसं केलं, ते यांच्याकडूनच ऐका."

आठांपैकी तिघांचे कोट माझ्या हातचे. मी घसा साफ केला आणि कुठे बघायचं, काय विचारायचं, सगळं सांगू लागले. मुलं भराभरा लिहून घेत होती. एकीनं विचारलं, "अजून उशीर झाला असता तर?"

"आठवडाभरात गेल्या असत्या," डॉक्टर म्हणाले.

नणंद उशीला टेकून बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

"वहिनी, सावकाश सांग," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "नीट लिहून घेऊ दे त्यांना. पुढच्या बाईला तू कुठे सापडणार आहेस?"

मला रडू फुटलं, पण मी शिकवायची थांबले नाही.