बासष्ट पानांची फाइल

फाइल कोणी कोणी उतरवली त्याची यादी तिने उघडली आणि तोंडाजवळ नेलेला चहा तसाच टेबलावर ठेवला.

वाचनालयाची वेबसाइट तीच सांभाळायची. दीड महिन्यापूर्वी तिने बाबांची पुस्तिका तिथे चढवली होती. जुनी शिलाई मशीन घरीच कशी दुरुस्त करावी, याची बासष्ट पानं. चाळीस वर्षं मशीन खोलण्यात गेलेल्या माणसाने निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून ती लिहिली होती. तेव्हापासून ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच बाबा विचारत, "आज किती?" एकूण किती वेळा उतरवली गेली तो आकडा ऐकला की त्यांना दोन घास जास्त जात.

सकाळी एका वाचकाचा फोन आला होता, फाइल पासवर्ड मागते म्हणून. तिने पाहिलं तर चढवताना 'सर्वांसाठी'ऐवजी 'फक्त कर्मचारी' तसंच राहून गेलं होतं. बाहेरच्या एकालाही पुस्तिका मिळाली नव्हती. मग आकड्यातले हे त्रेचाळीस जण कोण?

यादीत त्रेचाळीस वेळा तिचंच नाव होतं. रोज दुपारी साडेतीनला, घरच्या कॉम्प्युटरवरून. तिथे तिचं लॉगिन कायम उघडं असे. त्या वेळी बाबा झोपलेले. राहता राहिली आई, जी पहिल्या दिवसापासून या पुस्तिकेला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत आली होती.

तिला स्वतःची लाज वाटली. तिने फाइल सर्वांसाठी खुली केली.

"आज किती?" संध्याकाळी बाबांनी विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "त्रेचाळीस. रोज मेलं तेच काय विचारायचं?"

जेवणानंतर ती बाबांजवळ गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"बाबा, माझी चूक झाली. फाइल आजच खुली झालीय. आत्तापर्यंतचा आकडा..."

"माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "दुपारी मला कुठली झोप? नुसता डोळे मिटून पडतो. ती चष्मा लावून एका बोटाने बटणं दाबते. परवा तर दोऱ्याच्या ताणाचं प्रकरण वाचत बसली होती."

"मग रोज मला कशाला विचारता?"

"तिला ऐकू जावं म्हणून."

आत भांडी विसळल्याचा आवाज येत होता. बाबांनी एकदा तिकडे पाहिलं.

"आता लोक वाचतील, न वाचतील," ते म्हणाले. "घरच्या कॉम्प्युटरवरचं तुझं नाव मात्र काढू नकोस."