काचेमागची शंभर मण्यांची माळ

मी एक जुनी माळ आहे, पण गळ्यात घालायची नव्हे. माझ्यात शंभर लाकडी मणी आहेत: दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. दुसरीच्या बाईंनी मला स्वतः ओवले आणि वर्गाच्या भिंतीवर, मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर बांधले.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मुले मणी सरकवत बेरीज-वजाबाकी करायची. मळक्या बोटांनी माझे पांढरे मणी पिवळट झाले, पण मला त्याचे काही वाटत नसे.

वर्गात चिमी नावाने सगळ्यांना ठाऊक असलेली एक मुलगी होती. बत्तीस म्हटले की ती पाटीवर तेवीस लिहायची. तिचे काय चुकत होते? बत्तीस म्हणताना 'ब' म्हणजे दोन आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. बाईंनी तिचा हात धरून माझ्यावर फिरवला. तीन दशक पुरे आणि वर दोन सुटे. पुढे ती एकटीच बत्तीसमधून पंधरा वजा करू लागली. दोन मणी मागे आले की तीस, दहा सोडले की वीस, आणखी तीन सोडले की सतरा. त्या दिवशी ती घरी जाईपर्यंत सतरा, सतरा म्हणत होती.

मग बाई निवृत्त झाल्या. नवे सर आले. ते वाईट नव्हते. एकदा माझा दोरा तुटला, मणी वर्गभर घरंगळले आणि सरांनी गुडघ्यांवर बसून सगळे वेचले. नव्या दोऱ्यात ओवून त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. पाहुणे आले की माझे कौतुक होई.

चिमीचे आकडे पुन्हा उलटे पडू लागले. एके दिवशी ती कपाटापाशी आली.

"सर, माळ देता का? थोडाच वेळ."

"परत तुटली म्हणजे? बोटांवर मोज."

तिने बोटे पाहिली. ती दहाच होती. त्यानंतर तिने काही मागितले नाही. वजाबाकी आली की ती पाटी कोरी ठेवायची. वार्षिक परीक्षेतही कोरीच ठेवली. निकालानंतर तिची आत्या तिला न्यायला आली आणि सरांना म्हणाली, "तिला गणिताचं डोकंच नाही हो. घरी लहान भावंडाला तरी सांभाळेल."

सरांनी होकाराची मान हलवली. चिमीनेही हलवली. ते मला काचेतून दिसले. मला हाक मारता येत नव्हती.

आता तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसते. तीही बत्तीस उलटे लिहिते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखी एखादी वस्तू कुलपात असेल, तर ती मागा. नाही म्हणाले तरी पुन्हा मागा. आम्हाला हाताळा, मळवा, तोडा. तुमच्या हातांत झिजून गेलो, तर आम्हाला जपले असे आम्ही समजू.