दोनदा फिरलेली शीव

सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. तरी अकरा वर्षं मी घालतेच आहे. त्या दिवशी मात्र पहाटे गुमान उठले, भाकऱ्या बांधल्या आणि मोबाइल पुरता चार्ज करून घेतला. आम्हाला गावाची शीव फिरायची होती.

आमचं गाव जावळीत, धरणाच्या पाण्याकाठी. वर रान, खाली पाणी, मधे चाळीस घरं. रानातल्या डोंगराच्या सोंडेवर हिरड्याची झाडं आहेत. गावातल्या निम्म्या बायकांचं घर तो हिरडा वेचून चालतं. आणि पलीकडच्या गावानं ती सोंड आपल्या वनहक्काच्या दाव्यात दाखवली होती. आमचा नकाशा दुसऱ्या दिवशी अकराला मेढ्याला, तालुक्याच्या कचेरीत, द्यायचा होता. तो करायची रीत अशी, की शिवेवरून चालायचं, मोबाइल वाट टिपत जातो, शिवेच्या प्रत्येक दगडाचा फोटो काढायचा, आणि निघालो तिथंच परत आलो की रेघ जुळते. रेघेच्या आत येईल तेवढंच गावाचं.

अडचण ही, की शीव माहीत असलेलं कुणी उरलं नव्हतं. पूर्वी चैत्रात देवाची पालखी शिवेवरून फिरायची. पुढं निशाण घेऊन माझे सासरे, लालासाहेब. ते गेले, बाकीचे म्हातारेही एकेक करून गेले, आणि आता पालखी देवळाभोवती पाच फेऱ्या मारून आत जाते.

"म्या सव्वीस वर्सं त्यांच्या मागं शिदोरी घिऊन चाललीया," आत्या म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "डोळं झाकून दावते शीव. फकस्त मागं फिरायचं न्हाई. काय चुकलं तर देवळापासनं पुन्ना."

अडुसष्ट वर्षांची बाई, पण चालताना मलाच धाप लावत होती. बरोबर गावाच्या वनहक्क समितीचा सचिव जयराज, नवे कोरे बूट घालून. रानातून चढलो, करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढली, ओढा ओलांडला. आत्या प्रत्येक दगडापाशी थांबून चिमूटभर भात ठेवत, मी फोटो काढी. मग उतरून पाण्याकाठी आलो. मे महिना, पाणी लांब हटलेलं, चिखल वाळून भेगाळलेला. एका उंबराखाली आत्यांनी भाकरी सोडली. अकरा वाजत आले होते.

मी मोबाइल उघडला आणि घास हातातच राहिला. सोंड रेघेच्या बाहेर होती. अख्खी.

"आत्या, आपण सोंडेवर गेलोच नाही."

"न्हाईच जायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "वर पालखी जाती, बाप्ये जात्यात. बायकांनी खालच्या वाटंनं शिदोरी घिऊन हितं यायचं."

"पण हिरड्याला तर आपण वर जातो की!"

"हिरड्याला चालतंय. पालखीसंगं न्हाई."

मला संताप आला. सव्वीस वर्षं चाललेली बाई, आणि तिला नेमकी तेवढीच शीव माहीत नाही जिच्यावर आमची चूल अवलंबून! पण आत्यांचं तोंड बघितलं. हातातली भाकरी त्यांनी परत फडक्यात ठेवली होती. त्यांना कळलं होतं.

"आवं काकी, लय मनाला लावून घिऊ नगा," जयराज म्हणाला. त्यानं बूट काढले होते, टाचेला फोड आला होता. "घरी बसून बोटानं रेघ वर सरकवू. दगडाचा फोटो कुठलाबी. दगड त्यो दगड."

"आन् उद्या सायबानं दगड दावा म्हटलं, तर काय तुजं डोस्कं दावायचं व्हय रं?" आत्या उठल्या. "चल पोरी. देवळापासनं पुन्ना."

मी म्हटलं, इथूनच वर चढू, कोण बघतंय? त्यांनी ऐकून घेतलं नाही. उरलेली वाट पुरी करून आम्ही एकच्या सुमाराला देवळात पोचलो. आत्या तांब्याभर पाणी प्यायल्या, पायाला तेल चोळलं आणि निघाल्या. जयराज पारावर आडवा झाला. मीही मनातल्या मनात आडवीच झाले होते, पण सासूनं उठायचं आणि सुनेनं बसायचं हे आमच्या गावात शोभत नाही.

ऊन मी म्हणत होतं. माझ्या मांड्या भरून आल्या. आत्या लंगडायला लागल्या, पण थांबल्या नाहीत. खालची वाट फुटते तिथं मात्र थबकल्या. पदर सारखा केला, सोंडेकडं हात जोडले आणि चढायला लागल्या. मी विचारलं, "दगड कुठं आहे ते कसं कळणार?"

"हलगी," त्या म्हणाल्या. "दगडापाशी पालखीची हलगी थांबायची. तवर मी खाली फुटक्या कातळापाशी पोचलेली असायची. दर साली. आवाज डोक्यावरनं यायचा, जरा उजवीकडनं."

खाली तो कातळ दिसत होता. आत्या त्याच्यावर नजर धरून आडव्या चालत राहिल्या, थांबल्या, दहा पावलं उजवीकडं सरल्या आणि पाचोळा हातानं सारायला लागल्या. मीही वाकले. पाचोळ्याखाली गुडघ्याएवढा दगड होता, आणि त्याच्या खाचांमध्ये जुना शेंदूर.

आत्या त्याच्याकडं बघत राहिल्या. वाटलं, रडतील. डोळ्यांत पाणी आलंही.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. "ह्येच्यासाठी मला सव्वीस वर्सं खालनं फिरवलं?"

मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या, पोट धरून. उरलेला सगळा भात त्यांनी त्या दगडासमोर ठेवला, मी फोटो काढला.

दिवस मावळायच्या आत आम्ही देवळात आलो. मोबाइलवर रेघ जुळली, सोंड आत. जयराजनं फॉर्म भरून तयार ठेवला होता, फक्त सोंडेवरच्या दगडाचा फोटो जोडायचा बाकी होता. आत्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वाच समदं. काय राह्यलं आसंल तर आत्ताच कळू दे."

मी वाचत गेले. शेवटच्या रकान्यात आले. "शीव दाखवणाऱ्याचं नाव. कैलासवासी लालासाहेब..." आणि थांबले.

"समद्यांना ठावं हाय त्यांचं नाव," जयराज म्हणाला. "वजन पडतंय, काकी."

नवऱ्याचं नाव आलं की आत्या डोक्यावरचा पदर पुढं ओढतात. तसा ओढला.

"खोड ते," त्या म्हणाल्या. "त्यांना कवाच दोनदा फिराय लागलं न्हाई."

जयराज माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, खोडलं, आणि ठळक अक्षरांत आत्यांचं नाव लिहिलं, भामाबाई.