उथळ पाण्याचा रंग

बेटावरून आलेल्या नमुन्याच्या पिशवीच्या कोपऱ्यात वाळूचे दहा-बारा पांढरे कण अडकून राहिले होते, आणि लेबलवर नवऱ्याचं तिरकं अक्षर – खोली चार मीटर, वाळू, मधूनमधून प्रवाळ. त्याच्या हातचं एवढंच लिखाण आताशा तिच्याकडे येतं.

पडद्यावर उपग्रहाने टिपलेलं चित्र. बेटाभोवतीचं पाणी शेवाळाने गच्च भरल्यासारखं. मागच्या वर्षी तिने तसा अहवाल ठोकूनही दिला होता, आणि तो बुडी मारून आल्यावर फोनवर किती हसला होता... "अगं, कसलं शेवाळ? पाणी नितळ आहे. खालची वाळू चमकतेय, तुझा उपग्रह तो उजेड पाण्याच्या नावावर टाकतोय." तेव्हापासून तिने शिरस्ताच पाडला – उथळ भागावर काळा रंग, तो भाग मोजायचाच नाही. तो राहतो ते बेटही त्या काळ्यातच. वर्षभर तिने तिकडे नीट पाहिलं नव्हतं, कामाच्या नावाखाली.

सकाळी त्याचा फोन आला होता. "अजून तीन वर्षं राहा म्हणतायत. आज पाचपर्यंत कळवायचंय. काय करू?"

"तुझं तू बघ."

"बरं," तो म्हणाला, नेहमीच्याच हसऱ्या आवाजात – आणि तो तिथे मजेत आहे, हे तिने नेहमीसारखंच धरून टाकलं. पण त्या हसण्यात त्याचं खरं किती, आणि मला बरं वाटावं म्हणून किती?

साहेब टेबलापाशी थांबले. "मॅडम, उथळ भाग टाका काढून. कशाला डोकेफोड?"

"आज ठेवते, सर. तळाचा उजेड वजा करून बघते."

वजा करायचं तर तळ ठाऊक हवा, आणि तो इतक्या वरून कळत नाही, कुणीतरी खाली उतरावं लागतं... मला तो घरी यायला हवाय. हे वाक्य मी मनातसुद्धा कधी पुरतं उच्चारलं नव्हतं. आपण बोलवायचं नाही, न बोलावता आला तरच ते येणं खरं – केवढा हा हट्ट, आणि तो जपण्यात अख्खं वर्ष गेलं.

पावणेपाचला तिने त्याचा नंबर लावला. पलीकडे फोन वाजत होता. घरी ये म्हटल्यावर तो नाही म्हणू शकतो हे ठाऊक होतं, आणि तरीही तिला फोन ठेवावासा वाटला नाही.