कोणताही बदल करण्यात आलेला नाही

घरात बसून नुसतं बोलण्याला काम म्हणत नाहीत, असं शिरड शहापूरच्या ग्यानबांचं पक्कं मत होतं. हे मत ते रोज सकाळपासून जेवणवेळेपर्यंत घरासमोरच्या मारुतीच्या पारावर बसून बोलत.

त्यामुळे सुनेचा लॅपटॉप बंद पडला, तेव्हा ग्यानबांना दुःख झालं असं म्हणता येणार नाही.

सून पुनम, गणितात बीएस्सी. पुण्याच्या एका शिकवणीच्या संस्थेनं तिला घरबसल्या लेकरांना शिकवायला निवडलं होतं, पण अजून अर्धवटच. रविवारी चार वाजता नमुन्याचा तास घ्यायचा, तो जमला तर कायम. संस्थेचा फळा मोबाइलवर उघडत नव्हता, लॅपटॉपच लागायचा. आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपनं पोटातून टकटक आवाज काढत डोळे मिटले.

"गेला?" ग्यानबांनी विचारलं.

"हार्ड डिस्क गेली मामा. लॅपटॉप हाय."

"बैलाचं काळीज गेलं, बैल हाय, असं म्हणून राहिली व्हय तू?"

"याचं काळीज बदलता येतं."

"आन् न्हाई बदललं तं?"

पुनमचं माहेर औंढ्याचं. देवळाच्या वाटेवर बापाचं प्रसादाचं दुकान; देवाला घाईनं निघालेल्या गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत ती लहानाची मोठी झालेली. ती दारात आली आणि पारापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "रविवारी तास झाला न्हाई, तर हा डबा माळ्यावर टाकते आन् पुन्हा नोकरीचं नाव काढत न्हाई. पण झाला, तर तुमी पारावर उभं राहून सांगायचं, माझी सून मास्तरीण हाय म्हणून."

"उभं राहून?" ग्यानबांना तेवढीच अट जाचक वाटली. पण पारावरची मंडळी कान टवकारून बसलेली. "कबूल!"

पुनमचा नवरा रविंद्र तिथंच होता. बायको बोलली की तो बायकोकडे मान हलवी, बाप बोलला की बापाकडे. टेबलफॅनसुद्धा मध्ये कुठं तरी क्षणभर थांबतो.

हार्ड डिस्कच्या जागी बसवायची नवी ड्राइव्ह मिळाली जवळा बाजार गावात, शिवशंकरच्या दुकानात. तिथं मोबाइलची कव्हरं, लग्नपत्रिका आणि दुरुस्ती असं सगळं एकाच टेबलावर चालायचं. ड्राइव्ह म्हणजे च्युइंगगमच्या पाकिटाएवढी चपटी पट्टी, एका कडेला सोनेरी दातांची ओळ.

"बसवायला पुढच्या आठवड्यात या ताई. मी लग्नाला चाललो."

"मग मीच बसवते."

"बिघडली तर वॉरंटी न्हाई बरं का."

"तुमची वॉरंटी तुमच्यापाशीच राहू द्या. बारका पेचकस तेवढा द्या."

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, ड्राइव्हची डबी हातातून काढून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली. घरात आलेली नवी वस्तू पहिली रात्र देवापुढं काढते, हा या घरचा कायदा. फवारणीचा पंप राहिला, मिक्सर राहिला, रविंद्रची मोटारसायकल मावली नाही म्हणून तिची किल्ली राहिली. सकाळी डबी परत मिळाली तेव्हा झाकणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं आणि आतलं प्लास्टिक फाडलेलं होतं. शिवशंकरनं तपासायला उघडलं असेल, असं पुनमला वाटलं. डबीवरच्या कुंकवाला तिनं हात जोडले आणि कामाला लागली.

मोबाइलवर व्हिडिओ लावून तिनं लॅपटॉपचं पोट उघडलं. निघालेले स्क्रू एका वाटीत, वाटी फडताळावर, कारण खाली असली की कोंबडी येते. पट्टी खाचेत बसवली. लॅपटॉप नवा होता तेव्हाच तिनं एका पेनड्राइव्हवर त्याची सगळी यंत्रणा उतरवून ठेवली होती. कुलूप घेतलं की दुसरी किल्ली आधी करायची, ही माहेरची सवय. पेनड्राइव्ह लावला, रिकव्हरी सुरू केली. पडद्यावर गोल फिरू लागला, टक्के वाढू लागले, वाढता वाढता अडले आणि इंग्रजीत मजकूर उमटला. त्याचा अर्थ असा, की आपला संगणक पूर्ववत करताना अडचण आली आहे. कोणताही बदल करण्यात आलेला नाही.

"काय म्हणून राहिलं ते?" ग्यानबांनी विचारलं.

"कोणताही बदल करण्यात आलेला न्हाई."

"हुशार यंत्र हाय," ग्यानबा म्हणाले. त्यांना ते यंत्र पहिल्यांदाच आवडलं.

पुनमनं पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावून बघितला. सेटिंगमध्ये शिरून जे उलट होतं ते सुलट केलं, मग जे सुलट होतं ते उलट केलं. रिकव्हरी कधी सुरू होताच पडायची, कधी अर्ध्यावर. मजकूर मात्र तोच. ग्रामपंचायतीच्या फलकावर कायमचा रंगवून घ्यावा इतका तो मजकूर तिला ओळखीचा वाटू लागला.

कंपनीच्या मदतकेंद्रातल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, की या मॉडेलला मदत करणं आम्ही बंद केलंय, आणखी काही मदत करू का? शिवशंकरला फोन लावला तर मागं बँड वाजत होता.

"मदरबोर्ड गेला ताई! नवीनच घ्या!"

"तुमी बघितला व्हय?"

"बघायला कशाला लागते? अनुभव हाय!"

शनिवारी संध्याकाळपर्यंत गल्लीचं एकमत झालं होतं. शेजारच्या पद्माबाईंनी मीठ-मोहरी उतरवून टाकायला सांगितली. रविंद्रनं माळ्यावर जागा केली आणि केलेली नाही असं सांगितलं.

"मी हरले न्हाई अजून," पुनम म्हणाली. "रविवार माझ्या हिशेबानं चारपर्यंत असतो."

तिला एक गोष्ट खटकत होती. लॅपटॉप चालू करून आतल्या भागांची यादी उघडली, की त्यात नवी ड्राइव्ह कधी दिसायची, कधी नाही. मेलेली वस्तू एकदाच मरते. ही तर मरून मरून उठत होती.

रविवारी सकाळी चहा देताना तिनं विचारलं, "मामा, विहिरीवरची मोटर कधी चालते, कधी चालत न्हाई, असं झालं तर तुमी आधी काय बघता?"

ग्यानबा या विषयावर झोपेतही बोलत. "मोटर जळाली म्हणणाऱ्याचं तोंड बघत न्हाई! फिटर लोकाइला दुसरं येतंय काय? आधी स्टार्टर उघडायचा. पॉइंटवर घाण बसलेली असते. घासली की मोटर बराबर उचलते." मग बशी तोंडापाशी थांबली. "काहून विचारून राहिली?"

"उगंच."

तिनं लॅपटॉप खिडकीत नेला, उघडला, पट्टी बाहेर काढली. सोनेरी दात सोन्यासारखेच दिसत होते. घाण कुठंच नव्हती. नीट बघायला तिनं पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. हा वास ओळखायला या भागात कुणाला शाळेत जावं लागत नाही. तिनं दातांवरून नख फिरवलं. नखाखाली वाळलेली पिवळी रेघ आली.

"आत्या, ह्याला हळद कोणी लावली?"

"मी डबीला कुंकू लावलं बाई. आत काय हाय तेच मला ठावं न्हाई."

ग्यानबा रिकाम्या बशीत बघू लागले.

"मामा?"

"देवापुढं झाकलेली वस्तू ठेवत न्हाईत," ग्यानबा बशीला म्हणाले. "नारळसुदिक सोलून ठेवतेत. म्हणून काढली."

"आन् हळद?"

"सोनं दिसलं तिथं लावली. ओली करून. कोरडी टिकत न्हाई."

"अहो, तुमाला तर हे बंदच पडायला पाहिजे होतं!"

"पाहिजे तं होतंच!" ग्यानबा उसळले. "म्हणून पूजा न्हाई करायची व्हय? ट्रॅक्टरला लावली, फवाऱ्याला लावली. घरात आलं ते घराचं झालं. हे काय सावत्र हाय?"

पुनमनं भांडायला चांगली चार वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आता बसेना.

"मामा," ती म्हणाली, "खिडकीतून बाजूला व्हा. उजेड अडवू नका."

तिनं कंपासपेटीतलं खोडरबर काढलं आणि सोनेरी दात हलक्या हातानं घासले, या बाजूनं, त्या बाजूनं. खोडरबर पिवळं झालं. कोरड्या फडक्यानं पुसून पट्टी बसवली, पेनड्राइव्ह लावला. गोल फिरू लागला. टक्के अर्ध्यावर आले. रविंद्रची मान मधोमध थांबली. टक्के पुढं सरकले. जेवणं उशिरा झाली, कुणी तक्रार केली नाही. आणि दुपारी लॅपटॉपनं डोळे उघडून, आपली भाषा निवडा, अशी विनंती केली.

चार वाजता पुनम पुण्याच्या लेकरांना अपूर्णांक शिकवत होती. भोंगा लावून भंगारवाला गल्लीत शिरला, तो ग्यानबांनी दारातूनच परतवला. "जाय, उद्या ये! आत शाळा भरून राहिली!" तास संपता संपता संस्थेच्या बाई म्हणाल्या, पुढच्या सोमवारपासून रोज या.

संध्याकाळी ग्यानबा पारावर गेले. शर्तीप्रमाणे उभे राहिले. घसा साफ केला.

"माझी सून मास्तरीण हाय," ते म्हणाले, आणि मंडळींनी मान डोलावल्यावर त्यांना राहवेना. "यंत्र बंदच पडलं होतं. कंपनीनं हात टेकले. मंग मी आपल्या शेतातली हळद लावली."

मंडळींनी पारावरूनच मारुतीला हात जोडले. एकानं तर हळद कुठल्या वाणाची ते विचारलं.

दारातून पुनमचा आवाज आला. "मामा, पुढचं पण सांगा!"

"पुढचं काय?"

ती ओट्यावरून उतरली, सगळ्यांसमोर पारापाशी आली आणि पिवळं झालेलं खोडरबर त्यांच्या हातावर ठेवलं.

ग्यानबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मंडळी वाट बघत होती. बसावं असं त्यांना फार वाटत होतं, पण सून समोर उभी होती.

"आन् मंग," ते उभ्यानंच म्हणाले, "तिनं ती पुसली."